वरण बंद करू नका, निचरा मोकळा करा

(जिल्हा मेळाव्यातील भाषण. अनेकांच्या मागणीवरून छापत आहोत.)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलून झालं, पीककर्जावर बोलून झालं. जेवणाआधीचा हा अर्धा तास आम्ही मागून घेतला तो पायाच्या अंगठ्यावर बोलायला. मघाशी तसं जाहीर केलं तेव्हा मागच्या रांगांत हशा झाला. होऊ द्या. पण ज्यांना हसू आलं नाही असे पाच-सात चेहरेही आम्हाला इथून दिसले. आजचं बोलणं त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांच्या घरी चुलीपुढं बसणाऱ्या मायबहिणींसाठी आहे.

आम्ही शेतकी महाविद्यालयात शिकलो. पिकांचे रोग ओळखायला शिकलो, माणसांचे नाही. तेव्हा औषधाची चिठ्ठी आम्ही देणार नाही, ते डॉक्टरांचं काम. आम्ही बोलणार ते ताटाबद्दल. आणि हे बोलायचा आमचा एक हक्क आहे. हा आजार आम्हाला स्वतःला आहे.

आधी आमचीच गोष्ट

वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, एप्रिल महिन्यात, चार दिवसांचा दौरा होता. दिवसाला दोन-तीन गावं, अर्धा प्रवास एस.टी.नं, अर्धा मोटारसायकलवर. ऊन मी म्हणत होतं. लघवीला कुठं थांबायचं म्हणून पाणी कमीच प्यायचं, ही दौऱ्याची जुनी सवय. रात्री सभा आटोपली की कार्यकर्त्यांसोबत ढाब्यावर मटण. मग दिवसभराची तहान भागवायला थंड बाटल्या, एकामागून एक. बाटलीत काय होतं, तेही लपवत नाही. कधी गोड पेय, कधी बीअर.

तिसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला जाग आली ती उजव्या पायाच्या अंगठ्यानं. विंचू चावला असं वाटलं. दिवा लावून पाहिलं तर अंगठ्याचा सांधा लाल, सुजलेला, तव्यासारखा तापलेला. अंगावरच्या चादरीचा पदर लागला तरी ओरडावंसं वाटत होतं. सकाळी एका दवाखान्यात गेलो. जखम नाही, काटा नाही, तरी पू होतोय असं समजून इंजेक्शनं दिली. रक्त तपासलं, युरिक ॲसिड ठीक आलं, म्हणून गाऊट नाही असं सांगितलं. आठ दिवसांनी पाय आपोआप बरा झाला. आम्हाला वाटलं, इंजेक्शनांनी झाला. सहा महिन्यांनी पुन्हा तेच.

पुढं कळलं की झटका चालू असताना रक्तातलं युरिक ॲसिड खाली आलेलं दिसू शकतं. झटका ओसरल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा तपासायचं असतं. एवढं आम्हाला कुणी सांगितलं असतं तर वर्ष वाया गेलं नसतं. तुमचं जाऊ नये म्हणून सांगतो.

दुसरी गोष्ट आमच्या एका जुन्या सहकाऱ्याची. नाव घेत नाही, पण सांगायची परवानगी त्यांनी दिली आहे. गेल्या मृगात चांगला पाऊस झाला, वाफसा आला, सरकी टोबायची घाई. नेमका त्याच दिवशी त्यांचा पाय धरला. आठ दिवस बाजेवर. वहिनींनी आणि त्यांच्या जावेनं मिळेल तो मजूर घेऊन जमेल तेवढं टोबलं. उरलेल्या दीड एकराचा वाफसा गेला. कोरडवाहू शेतीत गेलेला वाफसा परत बोलावता येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

या गृहस्थांना दोन वर्षांपूर्वीच कुणी तरी सांगितलं होतं, "युरिक ॲसिड आहे, डाळ बंद करा." त्यांनी डाळ बंद केली. पिठलं बंद, वरण बंद, उसळ बंद. एका चुलीवर दोन स्वयंपाक परवडत नाहीत, म्हणून हळूहळू अख्ख्या घराचं वरण बंद झालं. पोरं भाकरीला तिखट-तेल लावून खाऊ लागली. संध्याकाळची चपटी मात्र चालूच होती, कारण तिच्याबद्दल कुणी बोललंच नव्हतं. आठवडी बाजाराच्या दिवशी मटणाबरोबर काळीज येत होतं. आणि पाय दुखतो म्हणून शेजारणीनं कळवळ्यानं पायाचं सूप करून पाठवलं!

दोन वर्षं घरदार वरणाशिवाय जेवलं आणि झटके वाढतच गेले. आज बोलायला उभे राहिलो ते यासाठी.

हा आजार आहे तरी काय

पहिली गोष्ट, प्रत्येक सांधेदुखी म्हणजे गाऊट नव्हे. इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला १९९६ पासून सांधेदुखीचा मोठा अभ्यास झाला. त्यात गुडघे, कंबर, मान दुखणारी माणसं पुष्कळ सापडली, गाऊटची फार थोडी. तेव्हा गुडघा दुखला की युरिक ॲसिड म्हणून डाळ सोडायची, हे साफ चूक. गाऊटची ओळख वेगळी आहे. एकाएकी येतो, बहुधा रात्री येतो, बहुधा एकाच सांध्यात येतो. बऱ्याचदा पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, नाहीतर घोट्यात किंवा गुडघ्यात. आठ-पंधरा दिवसांत ओसरतो आणि मधल्या काळात माणूस ठणठणीत असतो. पुरुषांना लवकर होतो; बायांना सहसा पाळी गेल्यानंतर.

आता तो होतो कसा? आपल्या शरीराच्या प्रत्येक पेशीत प्युरिन नावाचं द्रव्य असतं. जुन्या पेशी रोज मरतात, नव्या होतात. मेलेल्या पेशींतल्या प्युरिनचं शेवटी युरिक ॲसिड होतं. खाण्यातल्या प्युरिनचंही तेच. कोंबडीखतात जो पांढरा भाग दिसतो, तो बहुतेक युरिक ॲसिडच. कोंबडी आपली घाण त्या रूपात बाहेर टाकते. गाई-बैलांच्या शरीरात युरिक ॲसिड मोडून टाकणारं एक विकर असतं. माणसाच्या शरीरात ते नाही. म्हणून आपल्याला ते आहे तसंच लघवीवाटे, आणि काही भाग आतड्यावाटे, बाहेर काढावं लागतं.

साखरेचा पाक फार घट्ट झाला आणि निवला, की भांड्याच्या तळाशी खडे धरतात. तसंच इथं होतं. रक्तात १०० मिलिलिटरला सुमारे ६.८ मिलिग्रॅमपर्यंत हा क्षार विरघळून राहतो. त्याहून वर वर्षानुवर्षं राहिला की खडे धरू लागतो. अंगठा हृदयापासून लांब, अंगात सगळ्यांत गार, म्हणून तिथं आधी. हे खडे सुईसारखे टोकदार असतात, कुसळासारखे. एखाद्या दिवशी शरीराला या कुसळांची जाणीव होते, ते त्यांच्यावर तुटून पडतं, आणि सांध्यात आग लागते. लक्ष दिलं नाही तर पुढं कानाच्या पाळीवर, कोपरावर, बोटांवर गाठी येतात, सांधा झिजतो, मूत्रपिंडात खडे होतात.

मीठ जास्त की निचरा कमी?

पूर्णा नदीच्या खोऱ्यातली, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातली मंडळी इथं बसली आहेत. त्यांना आम्ही विचारतो, जमीन खारवट का राहते? कुणी मिठाची पोती आणून ओतली म्हणून? नाही. क्षार जमिनीत असतातच. भारी काळी जमीन, पाणी खाली जायला वाट नाही, निचरा नाही, म्हणून ते साचतात.

गाऊटचंही तसंच आहे. शरीरातल्या युरिक ॲसिडपैकी साधारण दोन तृतीयांश शरीर स्वतःच तयार करतं, खाण्यातून येतं ते एक तृतीयांश. आणि बहुतेक रोग्यांत खरी अडचण आवक जास्त होण्याची नसते. मूत्रपिंडं पुरेसं बाहेर टाकत नाहीत, ही असते. ती मूत्रपिंडं तशी का, तर बऱ्याच अंशी घराण्यातून आलेली. २०१८ साली न्यूझीलंडच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या हजारो लोकांच्या आहाराची मोजदाद तपासली. रक्तातल्या युरिक ॲसिडमध्ये माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला कुठल्याही एका खाद्यपदार्थाचा वाटा १ टक्काही नव्हता. अनुवंशाचा वाटा सुमारे २४ टक्के होता.

म्हणून अंगठा धरून बसलेल्या माणसाला "खा अजून, पी अजून" म्हणून टोमणा मारू नका. आयुर्वेदात या आजाराला वातरक्त म्हणतात, आणि त्याचं एक जुनं नाव आढ्यवात आहे, म्हणजे धनिकांचा वात. युरोपातही हा राजेलोकांचा आजार मानत. आज तो कर्जात बुडालेल्या कापूसवाल्याला झाला तर लोक म्हणतात, यानं चैन केली असणार. शेतकऱ्याच्या कर्जाबद्दलही लोक हेच म्हणतात, आणि ते आपण कधी मान्य केलं नाही.

मग ताटाला अर्थ नाही का? आहे. निचरा कमी असलेल्या शेतात जास्तीचं पाणी सोडायचं नसतं आणि आहे ती चारी बुजू द्यायची नसते, एवढं तर आपल्या हातात असतं.

डाळीवरचा आळ

डाळीत प्युरिन आहे हे खरं. पण प्युरिन प्युरिनात फरक आहे. अमेरिकेत ४७,१५० पुरुषांवर १२ वर्षं लक्ष ठेवून एक अभ्यास झाला. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. त्या काळात ७३० जणांना नव्यानं गाऊट झाला. मटण-मांस जास्त खाणाऱ्यांत तो जास्त झाला, मासे जास्त खाणाऱ्यांत जास्त झाला. पण प्युरिन असलेल्या भाज्या आणि कडधान्यं खाणाऱ्यांत तो वाढलेला दिसला नाही. आणि दूध-दुभतं खाणाऱ्यांत, विशेषतः साय काढलेलं दूध आणि तसल्या पदार्थांनी, तो कमी झाला.

ज्यांना गाऊट आहेच त्यांचं काय? त्यांचाही अभ्यास झाला, २०१२ साली प्रसिद्ध झाला. दोन दिवसांत मांस-मासळीतून सगळ्यांत जास्त प्युरिन खाणाऱ्यांना झटका येण्याचा संभव सगळ्यांत कमी खाणाऱ्यांच्या २.४ पट होता. वनस्पतींतून जास्तीत जास्त खाणाऱ्यांत तो १.४ पट. म्हणजे डाळीचा दोष अगदी शून्य असं आम्ही म्हणत नाही. पातेलंभर उसळ एका बैठकीला संपवू नका. पण रोजचं वाटीभर तुरीचं वरण, आठवड्यातून दोन-तीनदा पिठलं, मुगाची उसळ, यांना घराबाहेर काढायचं कारण नाही. आपल्या ताटात प्रथिनं येतात ती मुख्यतः याच वाटीतून. ती काढली तर गाऊट जाणार नाही, अंगातली ताकद जाईल, आणि पोरांची आधी जाईल.

आंबटावरही असाच आळ आहे. नावात ॲसिड आहे म्हणून लोक लिंबू, चिंच, दही बंद करतात. आंबट खाल्ल्यानं युरिक ॲसिड वाढतं, ही समजूत चुकीची आहे. लिंबू-आवळ्यातल्या क जीवनसत्त्वानं ते झालंच तर किंचित कमी होतं. पालक, फुलकोबी, अळंबी यांच्यावरचा आळही असाच पोकळ.

मग हात कशावरून काढायचा?

चार गोष्टी सांगतो.

पहिली, दारू. दारूनं युरिक ॲसिड तयार होणं वाढतं आणि मूत्रपिंडातून बाहेर पडणं अडतं. म्हणजे आवक वाढते आणि चारीही बुजते. सगळ्यांत वाईट बीअर, कारण तिच्यात प्युरिनही असतं. त्याच अमेरिकन पुरुषांत रोजच्या एकेका ग्लास बीअरमागं गाऊटचा धोका सुमारे निम्म्यानं वाढलेला दिसला, कडक दारूच्या रोजच्या एकेका पेगामागं सुमारे १५ टक्क्यांनी. आता चपटीत पेग किती बसतात ते ज्याचं त्यानं मोजावं. देशी असो, मोहाची असो, शिंदी असो, वेगळी सूट कुणालाच नाही. झटके येताहेत तोवर पूर्ण बंद, हेच बरं.

दुसरी, काळीज, गुर्दा, भेजा, वजडी. जिथं पेशी दाट तिथं प्युरिन दाट. ते बंदच. पायाचं सूप आणि घट्ट आटवलेला मटणाचा रस्साही दुखणाऱ्या पायाला औषध म्हणून देऊ नका. शेजारणीची माया मोठी, पण तो उपाय उलटा आहे. सुकट, बोंबील, झिंगे कमी. मटण सोडाच असं म्हणत नाही. पंधरा दिवसांतून एकदा, चार फोडी, आणि त्या दिवशी दारू नाही. अंडं खायला हरकत नाही.

तिसरी, गोड पाणी. साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज असतो. ते यकृतात मोडताना युरिक ॲसिड तयार होतं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिवसाला दोन किंवा जास्त गोड शीतपेयं पिणाऱ्यांना गाऊटचा धोका ८५ टक्क्यांनी जास्त आढळला. पाहुणा आला की बाटली आणायची, लग्नात बाटली, सभेत बाटली, हे आता खेड्यात पोचलं आहे. चहाचंही मोजा. दिवसाला आठ कप आणि कपात तीन चमचे साखर, म्हणजे चोवीस चमचे. गूळ घातला तरी हिशेब तोच. चहा घ्या, साखर निम्मी करा.

चौथी गोष्ट खाण्याची नाही, न खाण्या-पिण्याची आहे. तहान आणि कडक उपास. पाणी कमी पडलं की रक्तातला पाक घट्ट होतो. अमेरिकेतल्या रोग्यांत जास्त उष्ण आणि कोरड्या दिवसांनंतर झटके वाढलेले दिसले आहेत. आपले एप्रिल-मे आठवा. झटके दिवसापेक्षा रात्री १२ ते सकाळी ८ या वेळात सुमारे २.४ पट येतात, आणि रात्री अंगातलं पाणी कमी झालेलं असतं हे त्याचं एक कारण मानतात. वखरणीला, फवारणीला, वेचणीला जाताना पाण्याची कॅन सोबत पाहिजे आणि ती रिकामी होऊन परत आली पाहिजे. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडलं असं समजा. झोपताना तांब्याभर पाणी उशाशी. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी मात्र पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

उपासाचं असं की पोट एकदम रिकामं ठेवलं तर शरीर स्वतःची चरबी जाळतं, आणि त्या वेळी मूत्रपिंडं युरिक ॲसिड बाहेर टाकायला मागं पडतात. एकादशी सोडा असं आम्ही सांगत नाही. निर्जळी करू नका. पाणी प्या, ताक प्या, थोडं थोडं खा. वजन जास्त असेल तर ते उतरवणं या आजारात फार उपयोगी, पण महिन्याला किलो-दीड किलो, हळूहळू. आठ दिवस उपाशी राहून नव्हे.

घरचंच ताट

आता काय खायचं? बाजारातून काही आणायचं नाही. ज्वारीची भाकरी, कारण धान्यांत प्युरिन कमी. वाटीभर वरण. आंबाडी, वांगं, दोडका, मेथी, जी असेल ती भाजी. कांदा, ठेच्याचा घास, वर लिंबू. मूठभर शेंगदाणे. आणि ताक.

ताकाबद्दल थोडं जास्त बोलतो. दूध-दुभत्यानं युरिक ॲसिड बाहेर पडायला मदत होते, आणि ती कमी चरबीच्या दुभत्यानं जास्त दिसते. लोणी काढून घेतलेलं ताक म्हणजे दुसरं काय आहे? आपल्या आज्या दुपारी न्याहारीबरोबर ज्वारीच्या कण्या आणि ताक देत. आज दूध सगळं डेअरीवर जातं आणि घरात काळा चहा राहतो. आम्ही म्हणतो, गाऊटवाल्याच्या घरी अर्धा लिटर दूध घरात थांबलं पाहिजे. त्याचं दही लावा, सकाळ-दुपार पेला-पेला ताक घ्या. आम्ही स्वतः दौऱ्यावर जाताना आता बाटलीत ताक नेतो. मीठ कमी घाला, कारण यातल्या पुष्कळांना रक्तदाबही असतो.

ताटाची मर्यादा

आता जे सांगणार आहोत ते लिहून घ्या, नाहीतर आमच्या बोलण्यानं नुकसान होईल. हे सगळं नीट पाळलं तर रक्तातलं युरिक ॲसिड साधारण एखाद्या मिलिग्रॅमनं खाली येतं. साडेसहा-सात असेल तर तेवढ्यानं भागेलही. पण डॉक्टरांचं लक्ष्य असतं ६ च्या खाली, आणि तुमचं ९ असेल तर वरण-ताकानं ते गाठता येणार नाही. वर्षाला दोन किंवा जास्त झटके, अंगावर गाठी, मूत्रपिंडाचा त्रास, यांतलं काही असेल तर औषध लागतं.

ॲलोप्युरिनॉल हे त्यातलं जुनं औषध, १९६० च्या दशकापासून वापरात आहे. ते ज्यांनी शोधलं त्या गरट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ चं नोबेल पारितोषिक मिळालं. आपल्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे आणि महाग नाही. डॉक्टर ते थोड्या मात्रेनं सुरू करतात, रक्त तपासून वाढवतात. पहिल्या काही महिन्यांत जुने खडे विरघळताना झटके येऊ शकतात. इथंच आपली माणसं "औषधानंच वाढलं" म्हणून गोळी सोडतात. सोडू नका, डॉक्टरांना सांगा. मात्र अंगावर पुरळ उठलं, तोंडात फोड आले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आम्ही औषध घेतो आणि ताटही सांभाळतो. गेल्या दोन वर्षांत एक हलका झटका आला, तोही एका लग्नात आमच्याच चुकीनं.

आणखी तीन इशारे. एक, ताप आणि थंडी वाजून सांधा सुजला तर घरी थांबू नका; तो पू असू शकतो, आणि मग एका दिवसाचा उशीरही महागात पडतो. दोन, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, लघवी वाढवणाऱ्या, आणि रोजच्या छोट्या ॲस्पिरिननंही युरिक ॲसिड वाढतं. मनानं बंद करू नका, पण आपल्याला गाऊट आहे हे डॉक्टरांना सांगा. तीन, बाजारातल्या बिननावाच्या पुड्या. एका पुडीत दुखणं थांबलं तर तिच्यात स्टेरॉइड असण्याचा संशय धरा. दुकानातून मनानं घेतलेल्या वेदनाशामक गोळ्याही वर्षानुवर्षं खाल्ल्या की मूत्रपिंडाचं नुकसान करतात, म्हणजे निचऱ्याची चारीच ढासळते.

आणि एक कळलावीबद्दल. पावसाळ्यात कुंपणावर चढणारी, लाल-पिवळ्या फुलांची, जिला खड्यानागही म्हणतात, तीच. तिच्या कंदात कोल्चिसिन असतं, आणि कोल्चिसिन हे गाऊटच्या झटक्यावरचं खरंखुरं औषध आहे. हे अर्धवट ऐकून कुणी कंद उगाळून घेईल म्हणून मुद्दाम सांगतो. औषधाची गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची असते. कंदाच्या तुकड्यात किती आहे हे कुणालाच मोजता येत नाही, आणि जास्त झालं तर माणूस दगावतो. तिला हात लावू नका.

मायबहिणींना एक शब्द

घरात एकाचा पाय दुखला की पथ्याचा भार तुमच्यावर येतो. म्हणून तुम्हाला सांगतो, वेगळा स्वयंपाक करू नका. जे ताट आम्ही सांगितलं ते घरातल्या पोरांनाही चांगलं आहे. पोरांच्या ताटातलं वरण काढू नका. आणि धन्याला रागावायचंच असेल तर वरणाच्या वाटीवरून नको, चपटीवरून रागवा.

कार्यकर्त्यांना सांगायचं ते आमच्यासकट सगळ्यांना. बैठक संपली की मटण आणि बाटली, ही आपण लावून घेतलेली रीत आहे. या जिल्ह्यात पुढच्या मासिक बैठकीपासून ताकाचा माठ ठेवायचा, शीतपेयाच्या बाटल्या आणायच्या नाहीत, आणि रात्रीच्या जेवणात वरण-भाकरी असेल, असं काल कार्यकारिणीत ठरलं आहे. ज्यांना असे झटके आले आहेत त्यांनी बैठकीआधी आमच्याशी बोलावं. तालुक्याला तपासणीसाठी चार-पाच जण मिळून जाऊ.

तिकडं ताटं मांडली आहेत. ज्वारीची भाकरी आहे, वांग्याची भाजी आहे, तुरीचं वरण आहे. ज्यांची गोष्ट सांगितली ते आमचे सहकारी डॉक्टरांना विचारून आज वाटीभर वरण घेणार आहेत. वहिनीही आल्या आहेत, त्यांना पुढच्या पंगतीला बसवा.

चला, जेवून घेऊ. दोन वाजता पीकविम्यावर बोलायचं आहे.